अजून चार बोटं वर

अगं ये, अशी जवळ बस. कागदावरून कोणाला जवळ बसवता येत नाही हे मला कळतं, पण तू बसली आहेस असं धरूनच लिहिते, नाहीतर माझा हात चालायचा नाही. आणि आधी तुला थोडं बोलून घेते. चार महिन्यांत मावशीला एक निरोप पाठवलास आणि तो काय, तर नवी जीप घेतली आहे, उंच करून घ्यायची आहे, तुझ्या अंगणातल्या त्या मिस्तरीचा नंबर दे. कशी आहेस नाही, गुडघा दुखतो का नाही. पुण्याला राहिलं की माणूस इतकं आटोपशीर बोलायला लागतं का? नंबर देईन मी. पण नंबराच्या आधी माणूस सांगते. तो माणूस मी आजवर कोणाला सांगितलेला नाही.

तुझे काका गेल्यावर मी वेफर्सचा धंदा एकटीनं चालवला हे तुला माहीत आहे. केळी यावलहून यायची, तळायचं काम मागच्या पडवीत आणि माल पोचवायला आमची पांढरी व्हॅन. ड्रायव्हर टिकेना म्हणून मी पंचेचाळिसाव्या वर्षी स्टिअरिंग हातात घेतलं. पिंप्राळ्यात तेव्हा बाया स्कूटर चालवायच्या, व्हॅन चालवणारी मी एकटी. लोक थांबून पाहायचे. पाहू दे म्हटलं. पुढं तळणं झेपेना म्हणून धंदा बंद केला, तेव्हा व्हॅन आणि माल ठेवायची समोरच्या अंगणातली पत्र्याची शेड रिकामी झाली, आणि तिथं हा मिस्तरी आला.

मूळचा धुळ्याकडचा. बोलायला लागला की अहिराणी, गिऱ्हाईक साहेबी दिसलं की मराठी. पन्नाशीचा, वाळलेला, उंच. ग्रीसमध्ये दिवसभर हात, पण अंगात पांढरा सदरा, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला, आणि त्यावर डाग म्हणशील तर एक नाही. कसं जमायचं देव जाणे. खुर्ची दिली तर बसायचा नाही, उकिडवा बसायचा. चहा बशीतून प्यायचा आणि शेवटचा घोट गाडीखाली जमिनीवर ओतायचा. मी एकदा विचारलं, कोणाला देतोस रे? म्हणाला, खाली तहान लागत नाही का कोणाला. मी हसले. तो हसला नाही. तेव्हाच मला समजायला हवं होतं, पण मी कामात होते.

त्याचं काम एकच, जीपगाड्या उंच करायच्या. चारही चाकं ओढणाऱ्या गाड्या. यावल-रावेरकडचे केळीवाले बागायतदार यायचे, पाणी भरलेल्या वाफ्यांतून गाडी जावी म्हणून. सातपुड्याच्या पायथ्याला ज्यांचं येणंजाणं ते यायचे, दगडगोट्यांना गाडीचं पोट लागू नये म्हणून. आणि मग जळगावची पोरं यायला लागली, ज्यांना कुठंच जायचं नव्हतं, फक्त उंच बसायचं होतं. त्यांना तो फार छळायचा. सहा इंच वर कर म्हणणाऱ्या एका पोराला त्यानं माझं स्टूल आणून दिलं आणि सांगितलं, यावर बस, तेवढाच उंच दिसशील, आणि पडलास तर एकटाच पडशील.

तुझ्या कामाचं सांगते, ध्यान दे. तो म्हणायचा, स्प्रिंगच्या पाट्यांखाली ठोकळे घालून गाडी उचलली की वरचा डबा उचलला जातो. पण दोन चाकांच्या मधोमध तो लोखंडी गोळा असतो ना, गिअरचा, तो होता तिथंच राहतो. दगड लागतो तो गोळ्याला. गोळा वर न्यायचा तर चाकंच मोठी पाहिजेत. पोरं डबा उचलतात आणि समजतात गाडी उंच झाली. आणि जितकी उंच तितकी ती उतारावर कलंडायला टपलेली. म्हणून गिऱ्हाइकाच्या गाडीला तो दोन इंचांवर हात लावायचा नाही, तेही आरटीओच्या कागदात बसेल तेवढंच. तूही त्याच्या वर जाऊ नकोस.

त्याचं एक बोलणं मला पाठ झालं होतं. गाडीखाली आडवा होऊन तिथूनच बोलायचा, "अक्का, वरलं बठ्ठासले दिखस. खाललं कोणले दिखस?" वरचं सगळ्यांना दिसतं, खालचं कोणाला दिसतं, असं. मला वाटायचं नटबोल्टाचं बोलतोय.

आता त्याची तऱ्हा ऐक. गाडी तयार झाली की तो गोळ्याच्या खालच्या अंगाला चुना फासायचा, ओला, पांढराशुभ्र. मग अंगणाच्या मधोमध एक गोणपाट आणून ठेवायचा. माणसाएवढं लांब, त्यात केळीची वाळलेली पानं ठासून भरलेली, सुतळीनं शिवलेलं. डोक्याकडं निमुळतं, पायाकडं निमुळतं, आणि मधे फुगीर. त्यावरून मालकानं गाडी न्यायची, चाकं दोन्ही अंगांना ठेवून. गोणपाटाला चुना लागला तर गाडी परत शेडमध्ये. नाही लागला तर घेऊन जा. गिऱ्हाईक हसायचं. कोणी म्हणायचं, मिस्तरी, ह्याला धोतर तरी नेसव. कोपऱ्यावरच्या किराणावाल्या शेठनं तर एकदा विचारलं की बाबा, महिन्याला एवढा चुना नेतोस, जीपचं लग्न काढलं आहेस का? हा शांतपणे पुडी बांधून घ्यायचा.

पण ते गोणपाट मला आवडायचं नाही. टळटळीत दुपारी, कॉलनीत चिटपाखरू नाही, अंगणात लिंबाच्या सावलीत ते पडलेलं असायचं. वारा नसताना आतली पानं चुरचुरायची. वाळलेली पानं तापली की वाजतात, मला माहीत आहे, आमचा जन्म केळीत गेला. तरी मी अंगणाकडच्या खिडकीचा पडदा ओढून घ्यायची.

एके दिवशी मी चहाचा ट्रे घेऊन शेडकडं निघाले. हात अडकलेले, नजर कपांवर. गोणपाट वाटेत होतं, मी ते ओलांडून पलीकडे गेले. दोनच पावलं. त्याच्या हातातला पाना खाली पडला. तोंड असं पांढरं पडलं की मला वाटलं विंचूबिंचू चावला.

"अक्का," तो म्हणाला, "जशा वनात तशाच मांगे जा."

म्हणजे आलात तशाच मागे जा. तुला माहीत आहे ना आपल्यात कसं असतं ते. निजलेल्या माणसाला ओलांडायचं नाही, लेकराला तर नाहीच, वाढ खुंटते म्हणतात. चुकून ओलांडलंच तर त्याच पावलांनी उलटं ओलांडून मागं यायचं, म्हणजे झालेलं फिरतं. माझा धाकटा भाऊ ओसरीत झोपायचा आणि मी उड्या मारत जायची, तेव्हा आई हातातलं पीठ तसंच ठेवून मला परत फिरवायची. पण ते माणसाला, गं. गोणपाटाला कोण करतं? मी तसं म्हणणार होते. त्याच्या डोळ्यांकडं पाहिलं आणि ट्रे सांभाळत उलटी चालत मागं गेले. मग वळसा घालून आले. त्यानं कप घेतला.

त्या दुपारी त्यानं मला सांगितलं. एकदाच सांगितलं, परत कधी नाही.

शेडच्या आधी तो यावलहून वर पायथ्याच्या पाड्यांवर जीप भरून माणसं न्यायचा. मधे एक नाल्याची वाट लागते, एका बाजूनं चढ, माथा, मग एकदम खोल उतार, तळाशी कोरडा नाला, आणि पलीकडे पुन्हा तसाच चढ. उन्हाळ्यात तिथं घोटाभर फुफाटा असतो, पिठासारखा. एका दुपारी तो रिकामी गाडी घेऊन माथ्यावरून खाली सुटला आणि तळाशी, वाटेच्या मधोमध, एक बाई निजलेली. उताणी. तोंडावर पदर. पोट वर आलेलं, दिवस भरत आलेले असावेत. ब्रेक दाबला तर फुफाट्यात चाकं घसरली. त्यानं स्टिअरिंग सरळ धरलं, एवढंच त्याच्या हातात होतं. चाकं तिच्या दोन्ही अंगांनी गेली. गाडी वरून गेली.

पलीकडे जाऊन थांबला, धावत मागे आला. तिथं कोणी नव्हतं. फुफाट्यात पाठीचा ठसा होता, टाचांचा होता. उठून गेलेल्या पावलांचा नव्हता. गाडीखाली जाऊन पाहिलं, तर गोळ्यावरचं ग्रीस एका जागी पुसलेलं, तळहाताएवढं. त्यानं पाड्यापाड्यावर विचारलं. कोणाची बाई हरवलेली नव्हती, कोणाची अडलेली नव्हती. पोलिसांकडं गेला तर त्यांनी त्यालाच विचारलं, कोण मेलं ते तरी सांग.

"मनी गाडी तिले ओलांडी गई, अक्का," तो म्हणाला. "लागनं का नही, माले ठाऊक नही. पण ओलांडी गई. आनि पोटमा लेकरू."

तर हे असं होतं बघ. गिऱ्हाइकांच्या गाड्या हे पोटापाण्याचं. खरी गाडी त्याची स्वतःची होती, शेडच्या मागच्या अंगाला ताडपत्रीखाली. ओलांडलेलं फिरवायचं म्हणून तो अधूनमधून त्या नाल्यावर जायचा आणि पलीकडच्या बाजूनं, उलट दिशेनं, त्याच जागेवरून गाडी आणायचा. गोळ्याला चुना लावून. न लागता गेली तरच झालेलं फिरणार, असं त्यानं मनाशी बांधलं होतं. आणि दर खेपेला परत आल्यावर मला ताडपत्रीमागून त्याचा आवाज यायचा, स्वतःशीच, "आखो चार बोटं." अजून चार बोटं.

मी एकदा त्याच्यामागून वाकून पाहिलं. सगळा गोळा पांढरा आणि मधे तळहाताएवढी जागा स्वच्छ पुसलेली. वाटेतल्या गवतानं पुसलं असेल, मी म्हटलं. तो म्हणाला, फुफाट्यात गवत उगवतं का अक्का?

मग चार बोटं आणखी. गिऱ्हाइकाला दोन इंचांवर शिव्या घालणारा माणूस स्वतःच्या जीपला ठोकळ्यावर ठोकळे चढवत गेला. चाकं टेम्पोची आणली, ती बसावीत म्हणून पत्रा कापला. ती जीप उभी असली की मला वाटायचं, कोणीतरी साडी गुडघ्याच्या वर खोचून पाण्यात उतरायला उभं आहे. माझ्याच्यानं पाय टाकून चढवायचं नाही. मी त्याला एकदा स्पष्ट सांगितलं. म्हटलं, खालच्यासाठी इतकी उंच करतोस, वर बसणाऱ्याचं काय? एखाद्या वळणावर ही उलथून पडेल आणि तू जाशील. तो म्हणाला, मग फिटेल.

शिमगा झाल्यावर तो माझ्याकडं आला आणि उंबऱ्याबाहेर उकिडवा बसला. म्हणाला, अक्का, मोकळ्या जागेवरून गाडी नेऊन काही फिरत नाही, आता समजलं. तिच्या जागी कोणीतरी निजायला पाहिजे. मी निजतो. गाडी तुम्ही आणा.

मी नाही म्हटलं. दहा वेळा नाही म्हटलं. वेडा झालास का, असंही म्हटलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, दुसरं कोणी येणार नाही. तुम्ही नाही आलात तर वर माथ्यावर गाडी न्यूट्रल करीन, चाकाखाली दगड लावीन, दगडाला दोरी बांधीन आणि खाली निजून दोरी ओढीन. हे त्यानं इतक्या साध्या आवाजात सांगितलं की मला कळलं, दोरी आणून झालेली आहे. तर गं, मी गेले ती एवढ्यासाठी. एक माणूस मरू नये म्हणून. पुढचं ऐकून तुला काय वाटायचं ते वाटू दे, पण हे आधी लक्षात ठेव.

सकाळी निघालो. यावलपर्यंत दोन्ही अंगांना केळी, गारवा, मग बागा संपल्या आणि सागाची बोडकी झाडं लागली. इतकं उंच बसलेली मी कधी नव्हते. प्रत्येक वळणावर मी समोरची दांडी दोन्ही हातांनी धरायची. आणि हा प्रत्येक चढाच्या माथ्यावर गाडी थांबवायचा. उतरायचा, चालत पुढं जायचा, पलीकडचा उतार नीट पाहून यायचा, मगच गाडी पुढं. तीन वेळा तसं केलं. मी म्हटलं, अशानं संध्याकाळ होईल. तो म्हणाला, होऊ द्या.

नाल्याच्या अलीकडे एक पाडा आहे, चारसहा घरांचा. पाणी प्यायला थांबलो. तो इंजिन पाहत होता, मी एका म्हाताऱ्या आजीच्या दारात गेले. तिनं तांब्या दिला आणि जीपकडं पाहत म्हणाली, त्याला सांग बाई, आमच्यातली कोणी नव्हती ती. मी म्हटलं, म्हणजे कोणीच नव्हतं ना? तिनं तांब्या परत घेतला आणि म्हणाली की दुपारच्या वेळी त्या उतारावर आम्ही बकऱ्या नेत नाही. एवढंच.

नाला ओलांडून आम्ही पलीकडच्या माथ्यावर गेलो आणि गाडी फिरवून उभी केली. बरोबर माथ्यावरचं ऊन. सावली पायाखाली. त्यानं गोळ्याला चुना लावला. खाली जाऊन चुन्यानंच वाटेवर दोन पट्टे ओढले, चाकं जाण्यासाठी. वर येऊन मला समजावलं. लो गिअर टाका, ब्रेकला पाय लावू नका, पट्टे सोडू नका, थांबू नका. मग त्यानं मागच्या सीटवरून एक गोधडी काढली, घडी घालून काखेत धरली आणि उतरत गेला. मी वरून पाहत होते. तो पट्ट्यांच्या मधे निजला, गोधडी पोटावर ठेवली, धूळ जाऊ नये म्हणून पांढरा रुमाल तोंडावर ओढला आणि हात अंगाशी धरले. तेव्हा मला समजलं, ते गोणपाट मधे फुगीर का असायचं.

वरून मी पाहिलं तेव्हा तिथं एक जण होता. हे मी देवासमोर सांगीन.

गाडी सुटली. सोडली म्हणू नकोस, ती सुटलीच. निम्मा उतार उतरले आणि खाली दोघं निजलेले होते.

एक पट्ट्यांच्या बरोबर मधे. दुसरं थोडं उजवीकडं, उजव्या पट्ट्यावरच, जिथून माझं चाक जाणार होतं तिथं. दोघं उताणे. दोघांच्या तोंडावर पांढरं. दोघांची पोटं वर आलेली. आता यातला मिस्तरी कोणता? तो सरकला का? उजवीकडचा तो असेल तर मी त्याच्या छातीवरून जाणार. मधला तो असेल तर उजवीकडं कोण? हे सगळं मी आत्ता सावकाश लिहिते आहे, तेव्हा श्वासभरसुद्धा वेळ नव्हता. पाय आपोआप ब्रेकवर गेला आणि चाकं पिठात सुटली. मी स्टिअरिंग डावीकडं ओढलं, होतं नव्हतं तेवढं बळ लावून. डावी चाकं दरडीवर चढली, गाडी तिरपी झाली आणि त्या दोघांच्या बाजूनं गेली. बाजूनं, पोरी. वरून नाही. पाचसहा पावलं पुढं जाऊन ती उंच जीप सावकाश, एखादी म्हैस बसते तशी, उजव्या अंगावर आडवी झाली.

सीटचा पट्टा लावलेला होता म्हणून वाचले. मनगट मोडलं. कॉलनीत मी ओल्या पायरीवरून घसरले म्हणून सांगितलंय आणि तुझ्या आईलाही तेच माहीत आहे.

जीपच्या मागचं कापडी छत सोडवून त्यानं मला बाहेर काढलं. आजूबाजूला धुराळा असा की चार पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. मला दगडावर बसवलं, मनगटाला रुमाल बांधला, तोच तोंडावरचा. आणि मग तो गाडीकडं वळला. आडव्या पडलेल्या गाडीचं पोट उन्हात उघडं पडलं होतं. जे पाहायला तो इतकी वर्षं वाकत होता, ते आता भिंतीसारखं समोर उभं. चुना जसाच्या तसा. एक ओरखडा नाही. त्यानं हात लावला नाही, नुसता पाहत राहिला.

"वरतून गई ना, अक्का?" त्यानं विचारलं.

रुमालाखाली त्याचे डोळे मिटलेले होते. त्यानं आवाज ऐकला होता, धूळ अंगावर घेतली होती. पाहिलं काहीच नव्हतं.

मी म्हटलं, "गेली."

तो तिथंच फुफाट्यात बसला. खुर्चीवर कधी न बसणारा माणूस, उकिडवा नाही, चक्क मांडी घालून बसला आणि लहान मुलासारखा रडला. रडताना मधेच म्हणायचा, फिरलं, अक्का, फिरलं. त्याचा तो पांढरा सदरा मी पहिल्यांदा मळलेला पाहिला. आता तूच सांग, त्या वेळी मी काय करायला हवं होतं?

तो पाड्यावर ट्रॅक्टर आणायला गेला तेव्हा मी एकटी होते. धूळ खाली बसली. मी उठून जाऊन पाहिलं. पट्ट्यांच्या मधे त्याच्या पाठीचा ठसा होता, लांब, हाडकुळा. आणि उजव्या पट्ट्यावर, चुना मोडून, आणखी एक. आखूड. टाचा लहान. पुढं माझ्या चाकाची खूण नव्हती, ती डावीकडं वळून दरडीवर गेली होती. मी तो ठसा पुसला नाही. पाय त्याच्यावरून जाऊ नये म्हणून वळसा घालून दगडावर येऊन बसले. ट्रॅक्टर आला आणि त्याच्या चाकांखाली सगळं मोडलं, माझं खोटंही त्यात झाकलं गेलं.

त्यानंतर चार दिवसांत त्यानं त्या जीपचे सगळे ठोकळे काढले. चाकं मूळची बसवली. गोणपाटाची शिवण उसवून पानं माझ्या गुलाबाच्या आळ्यात टाकली. हसायला लागला. किराणावाल्या शेठशी गप्पा मारायला लागला. आणि एक दिवस मला नमस्कार करून यावलला राहायला गेला. मला बरं वाटलं. म्हटलं, एका शब्दानं माणूस सुटला, तर एवढं पाप मी घेते अंगावर.

तुला नंबर द्यायचा म्हणून गेल्या आठवड्यात मी त्याला फोन केला, तो अजून जीप उंच करतो का ते विचारायला. नाही म्हणाला. आता तो पाड्यांवरच्या अडलेल्या बायांना दवाखान्यात पोचवतो, त्याच्याच जीपमधून, त्याच वाटेनं. गावोगावच्या आशाताईंकडं त्याचा नंबर आहे. किती चांगलं काम. मी तसं म्हणाले. मग तो खुशीत येऊन सांगायला लागला की पूर्वी त्या वाटेला दोन तास लागायचे, आता सव्वा तासात येतो. मी विचारलं, कसं काय? म्हणाला, पूर्वी दर माथ्यावर उतरून पाहायचो ना, आता नाही उतरत. आता काय पाहायचं, अक्का? ते तर फिरलं.

फोन ठेवल्यापासून माझ्या डोळ्यांपुढून तो उतार हलत नाही. त्या वाटेनं चालत येणाऱ्या बाया असतात, गं. दिवस भरलेल्या, गाडीची वाट पाहून निघालेल्या, दमून मधेच टेकणाऱ्या. ती पहिली कोण होती मला माहीत नाही. माझ्या उजव्या चाकासमोर कोण निजलं होतं तेही माहीत नाही. पण उद्या खरीच कोणी तिथं टेकली असेल, आणि हा आता खालच्या, बुटक्या जीपमधून, माथ्यावर न थांबता येत असेल, तर? त्याची भीती माझ्या एका शब्दानं गेली. ती भीतीच त्याला गाडीतून खाली उतरवत होती.

त्याला सांगायचं आहे की गाडी वरून गेली नव्हती. फोनवर तीनदा तोंड उघडलं आणि हवापाण्याचं बोलून ठेवून दिला. तो इकडं आला तेव्हाही मी चहा केला, तो पिऊन गेला. एकटीनं माझ्याकडून व्हायचं नाही ते. समोर आपलं माणूस बसलं असेल तर माझी जीभ वळेल, आणि मी परत खोटं बोलायला लागले तर तू मला थांबवशील. तू थांबवतेस, लहानपणापासून सवय आहे तुला.

तो येत्या रविवारी दुपारी येणार आहे. तू शनिवारच्या गाडीनं ये, कामं पुढं ढकल, काही आणू नकोस. त्याच्या आधी ये.